मरीन ड्राइव्हचा इतिहास: भराव, भिंत आणि मग रस्ता

भरतीरेषा (मूळ धागा)

मरीन ड्राइव्ह कधी बांधला, या प्रश्नाला जालावर तीन उत्तरं सापडतात. कुणी १९१५ म्हणतं, कुणी १९२०, कुणी १९३० चं दशक. तिन्ही आकड्यांना आधार आहे, पण या किनाऱ्यावर तीन वेगळी कामं झाली आणि हे आकडे त्यांतल्या शेवटच्या दोन कामांतून येतात. ती सुटी करून मांडावीत म्हणून हा धागा. माझं म्हणणं एवढंच की हा रस्ता समजून घ्यायचा तर आधी त्याखालचा भराव आणि त्याच्या कडेची भिंत समजून घ्यावी लागते. रस्ता सगळ्यात शेवटी आला.

पहिलं काम १८६० च्या दशकातलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शहरात पैसा ओतला गेला आणि बॅक बेमध्ये, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हसमोरच्या उपसागरात, भराव घालायला कंपनी निघाली. तिच्या शेअरांवर अशी उडी पडली की पाच हजार रुपये भरलेल्या शेअरला पन्नास हजारांवर भाव बोलला जाऊ लागला. या सट्ट्याच्या केंद्रस्थानी कापूस आणि शेअरांचे दलाल प्रेमचंद रायचंद होते. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि कंपनीही बुडाली. भरावाची जी अरुंद पट्टी हाती लागली ती बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या (आजच्या पश्चिम रेल्वेच्या) रुळांच्या कामी आली. म्हणजे चर्चगेट ते चर्नी रोडचे आजचे रूळ ही साधारण त्या काळची किनाररेषा, आणि तेव्हाचा क्वीन्स रोड, आजचा महर्षी कर्वे रोड, हा तेव्हाचा समुद्राकाठचा रस्ता. प्रेमचंद रायचंद यांच्याच देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला तेव्हा त्याच्यासमोर ओव्हल मैदान, रूळ आणि थेट समुद्र होता.

दुसरं काम केनेडी सी फेस. १८ डिसेंबर १९१५ ला सुरू झालं आणि १९२० मध्ये संपलं. चौपाटीकडच्या टोकाचा हा तुकडा. १९१५ आणि १९२० हे आकडे इथून येतात.

तिसरं काम मोठं, आणि आज आपण ज्याला मरीन ड्राइव्ह म्हणतो त्याचा बहुतेक भाग त्यातून आला: गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांची बॅक बे योजना. तिच्याबद्दल खाली लिहितोच. जाणकारांनी भर घालावी.

---

भरतीरेषा

लॉइड योजना. १९२० मध्ये त्यासाठी स्वतंत्र विकास खातं उघडलं. कुलाब्यापासून मरीन लाइन्सपर्यंत बाहेरून एक लांबलचक समुद्रभिंत घालायची, आत आठ ब्लॉक पाडायचे आणि ११४५ एकर जमीन काढायची असा आराखडा. भिंतीच्या आत भरायला पूर्वेकडच्या बंदरातला गाळ ड्रेजरने उपसून नळांतून कुलाबा ओलांडून पश्चिमेला आणायचा. ड्रेजरचं नावही 'सर जॉर्ज लॉइड'.

दोन गोष्टी फसल्या. ड्रेजरकडून जितक्या गाळाची अपेक्षा धरली होती तितका निघेना, कारण तळाची चिकणमाती धरलेल्या अंदाजापेक्षा घट्ट होती. आणि जो गाळ आत पडे त्यातला बराच भिंतीतून परत समुद्रात जाई. खर्च वाढत गेला, मुदती उलटल्या. खुर्शेद नरिमन यांनी कायदेमंडळात आणि वर्तमानपत्रांतून हा कारभार चव्हाट्यावर आणला. खात्यातले अधिकारी हार्वी यांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि त्यात नरिमन निर्दोष सुटले. सरकारने १९२६ मध्ये चौकशीसाठी मीअर्स समिती नेमली. शेवटी आठपैकी चारच ब्लॉक पुरे झाले, १ आणि २ चर्चगेटच्या बाजूचे, ७ आणि ८ कुलाब्याच्या टोकाचे. एकूण सुमारे ४४० एकर. त्यातला निम्म्याहून जास्त भाग लष्कराला विकला.

१ आणि २ नंबरच्या ब्लॉकची समुद्राकडची कड म्हणजे आजचा मरीन ड्राइव्ह. मधले ३ ते ६ पाण्यातच राहिले. त्यांतल्या काही भागावर १९६० आणि ७० च्या दशकांत नरिमन पॉइंट आणि कफ परेडचे मनोरे उभे राहिले. ज्या योजनेविरुद्ध नरिमन लढले त्याच योजनेच्या उरलेल्या जागेला त्यांचं नाव आहे, हे तिथल्या कचेऱ्यांत रोज जाणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसतं.

---

नकाशावेडी

उत्तम धागा. एक शंका. भिंत तर दगडी आहे, मग गाळ तिच्यातून निघून कसा गेला? भिंतीला भगदाडं होती का?

---

डबर_मुरूम

भगदाडांची गरजच नसते, ताई. समुद्रातली अशी भिंत म्हणजे चुन्यात बांधलेली सलग भिंत नव्हे. खाली पाण्यात डबराची, म्हणजे ओबडधोबड दगडांची, रास ओततात, तिचा माथा भरतीच्या पातळीच्या आसपास आला की त्यावर बांधकाम करतात. राशीत दगडांमधल्या पोकळ्या सुमारे एक तृतीयांश ते ४० टक्के असतात. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. बाहेर ओहोटी लागली की आतलं पाणी अजून वरच असतं, ते राशीतून बाहेर धावतं आणि गाळाचे बारीक कण बरोबर नेतं. हे दिवसातून दोनदा, रोज. पंपाने ओतलेला गाळ तर पातळ रबडीसारखा असतो, त्याला खाली बसायलाच महिने लागतात. तोवर तो मिळेल त्या फटीतून वाहतो.

उपाय असतो गाळणी थराचा. नियम सोपा आहे. बाहेरच्या थरातले सर्वात बारीक १५ टक्के कण ज्या मापाखाली येतात ते माप, आतल्या मातीतले ८५ टक्के कण ज्या मापाखाली येतात त्याच्या चार ते पाच पटीहून मोठं नको. आकडे घालून बघा. गाळाचं ८५ टक्क्यांचं माप ०.०५ मिमी धरलं तर त्याला लागून ज्याचं १५ टक्क्यांचं माप ०.२ ते ०.२५ मिमी आहे असाच थर हवा, म्हणजे वाळू. वाळूचं ८५ टक्क्यांचं माप १ मिमी असेल तर पुढे ४–५ मिमीपासून सुरू होणारी खडी. खडीचं २० मिमी असेल तर पुढे ८०–१०० मिमीचा दगड. त्यापुढे डबर. गाळ आणि डबर यांच्यामध्ये किमान तीन थर झाले. यातला एक जरी गाळला तरी साखळी तुटते. माती-अभियांत्रिकीतल्या कार्ल तेर्झागीने या नियमाला शास्त्रीय रूप दिलं ते १९२० च्याच दशकात, म्हणजे बॅक बेची भिंत चढत होती त्याच वर्षांत. आज वाळूच्या थराऐवजी जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) अंथरतात, पण त्याच्या भोकांचं माप याच तर्काने ठरतं. आणि ते दगडाच्या टोकांनी फाटू नये म्हणून वर खडीची गादी द्यावीच लागते.

भिंतीचा दगड आणि भरावाचा मुरूम कांदिवलीच्या खाणींतून आला. एक टेकडी जवळजवळ सपाट झाली त्यात. मुरूम गाळाच्या मानाने कितीतरी जाड असतो, त्यामुळे तो डबरातून सहज निसटत नाही. ज्यांना भरावाचं काम कळतं ते म्हणूनच पंपाचा गाळ स्वस्त दिसला तरी कडेला आधी मुरुमाचा बांध घालून घेतात.

---

नकाशावेडी

हे फार नीट समजलं. मग फुटपाथवर मधूनच जमीन खचते, तेही याच कारणाने?

---

डबर_मुरूम

समुद्राकाठी कुठेही खचलं तर पहिला संशय हाच घ्यायचा. वर फरशी शाबूत, खाली पोकळी. ओळखायची खूण: खळगा भिंतीला समांतर पट्ट्यात येतो आणि मोठ्या भरत्यांच्या आठवड्यात वाढतो. पाण्याची किंवा सांडपाण्याची नळवाहिनी फुटली असेल तर खळगा वाहिनीच्या रेषेत येतो आणि तिथला ओलावा ओहोटीतही टिकतो. हे न तपासता वरून खडी-काँक्रीट ओतलं तर ते टोपीसारखं वर राहतं आणि खालची माती जातच राहते. नीट काम करायचं तर खणून भिंतीच्या आतल्या बाजूपर्यंत जायचं, गाळणी थर पुन्हा घालायचा, मग भराव थराथराने दाबायचा. प्रत्येक थर २०० ते ३०० मिमीपेक्षा जाड नको. एकदम मीटरभर भरून वरून रोलर फिरवला तर दाब खालपर्यंत पोचतच नाही.

---

गिरगाव_वारा

धाग्यात भागोजीशेठ कीर यांचा उल्लेख राहू नये. रत्नागिरीचे भागोजीशेठ आणि पालनजी मिस्त्री या दोघांची नावं मरीन ड्राइव्हच्या बांधकामाचे कंत्राटदार म्हणून घेतली जातात. भागोजीशेठ म्हणजे ज्यांनी रत्नागिरीत पतितपावन मंदिर बांधून दिलं तेच. १९३१ मध्ये सावरकरांच्या पुढाकाराने ते सर्वांसाठी खुलं झालं. अत्यंत गरिबीतून वर आलेल्या माणसाने हे केलं, आणि मरीन ड्राइव्हवर फिरणाऱ्या मराठी माणसाला ते माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

रस्त्याचं अधिकृत नाव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग. लांबी सुमारे ३.६ किमी, सहा मार्गिका.

---

छज्जा

इमारतींकडे वळू या का? रस्त्याचं रूप निम्मं त्यांच्यामुळे आहे.

नवी जमीन सरकारची, भूखंड भाडेपट्ट्याने दिलेले, आणि समुद्राकडच्या ओळीला उंचीची एकच मर्यादा. म्हणून सगळ्या इमारती साधारण पाच-सहा मजल्यांवर थांबतात आणि माथ्याची रेषा वळणाबरोबर अखंड फिरते. नेमका त्याच काळात मुंबईत आरसीसी (सळया घातलेलं काँक्रीट) रुळला होता. त्यामुळे गोलाई घेतलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवरून कोपऱ्याला वळसा घालून जाणारे छज्जे, जहाजाच्या कठड्यासारखी आडव्या नळ्यांची रेलिंग, हे सगळं शक्य झालं. आर्ट डेको ती हीच. सूना महल बघा: १९३७, वास्तुकार गजानन बाबूराव म्हात्रे. कोपऱ्यावरचा भूखंड, दोन्ही दर्शनी बाजू गोलाईने जोडलेल्या आणि कोपऱ्यावर मनोरा. म्हात्र्यांच्या कामात छज्जा नुसती सजावट नसते. पश्चिमेचं ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही अडवायची ती योजना आहे. कपूर महल, झवेर महल आणि केवल महल ही शेजारची तिकडी त्याच दशकातली.

३० जून २०१८ ला युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसा यादीत घेतला. ९४ इमारती, ६६.३४ हेक्टर. त्यात मरीन ड्राइव्हची समुद्राकडची ओळ आहे. ओव्हलच्या पूर्वेला एकोणिसाव्या शतकाचा दगड आणि पश्चिमेला विसाव्या शतकाचं काँक्रीट. मधला फरक नेमका या धाग्यात चाललेल्या भरावाचा आहे.

---

सळई_आणि_कव्हर

छज्जा, तुम्ही छज्ज्यांचा विषय काढलात म्हणून दुरुस्तीबद्दल लिहितो, कारण या ओळीला सर्वात मोठा धोका समुद्री हवेतल्या क्षारांचा आहे. क्लोराइड काँक्रीटमध्ये मुरतं, सळईवरचं संरक्षक आवरण मोडतं, गंज धरतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होतं आणि त्या दाबाने कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सुटतं. छज्जे आधी जातात, कारण ते पातळ असतात, कव्हर कमी असतं आणि वर पाणी साचतं.

तपासणी: आधी हलक्या हातोडीने ठोकून पोकळ आवाजाच्या जागा खडूने आखायच्या. मग ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारायचं. गुलाबी झालं तर अल्कली शाबूत, रंग आला नाही तर कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अल्कली नाहीशी होणं) तिथवर पोचलंय. पण इथेच गफलत होते. समुद्राकाठी काँक्रीट छान गुलाबी दिसतं आणि सळई आत गंजत असते, कारण ही चाचणी क्लोराइड दाखवत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या खोलीवरची पूड काढून प्रयोगशाळेत द्यावी लागते. सिमेंटच्या वजनाच्या साधारण ०.४ टक्के ही धोक्याची रेषा धरतात. सोबत सळईचा विद्युत दाब मोजणारी हाफ-सेल चाचणी: कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर.

दुरुस्ती: खराब भागाच्या कडा कटरने किमान १० मिमी खोल सरळ कापा, निमुळत्या ठेवू नका, तिथूनच नवा माल सुटतो. सळईच्या मागे २०–२५ मिमी जागा होईपर्यंत फोडा. सळई चकचकीत होईपर्यंत साफ करा. जाडी पाव भागाने गेली असेल तर पुरेसा लॅप (जुन्या-नव्या सळईचा एकमेकींलगतचा भाग) देऊन नवी सळई जोडा. प्राइमर, मग पॉलिमर मॉर्टर थराथराने, आणि ओलं क्युरिंग. नुसता गिलावा मारून रंग दिला तर दोन-तीन पावसाळ्यांत पोपडा हातात येतो.

अजून एक. क्लोराइड भरलेल्या छज्ज्याचा थोडाच भाग दुरुस्त केला तर गंज त्या ठिगळाच्या कडेला, जुन्या काँक्रीटमध्ये जोराने सुरू होतो. नवा भाग सुरक्षित, जुना बळी. म्हणून ठिगळं लावण्यापेक्षा एक सलग छज्जा घ्यावा किंवा ठिगळाच्या कडेला सळईवर जस्ताचे ॲनोड (सळईऐवजी स्वतः गंजणारे तुकडे) बांधावेत. आणि मूळ छज्ज्याची कड किती जाड होती ते फोडण्याआधी मोजून ठेवा. दुरुस्तीनंतर कड दुप्पट जाड झालेले छज्जे बघवत नाहीत.

---

छज्जा

शेवटचं वाक्य ठळक करून ठेवावं असं आहे. साच्यासाठी जुन्या कडेचा पुठ्ठ्यावर छाप काढून घ्यायचा. पावसाचं पाणी भिंतीकडे वळू न देणारी खालची बारीक खाचही त्यात यायला हवी. बहुतेक दुरुस्त्यांत ती खाच बुजते आणि मग ओल थेट खिडकीत उतरते.

---

गिरगाव_वारा

टेट्रापॉडबद्दल कुणी लिहिणार का?

---

डबर_मुरूम

टेट्रापॉड, म्हणजे भिंतीपुढे रचलेले चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, मूळ फ्रेंच. १९५० मध्ये ग्रनोबलच्या प्रयोगशाळेत तयार झाले आणि पहिला वापर मोरोक्कोत कासाब्लांकाच्या औष्णिक वीज केंद्राच्या समुद्रातल्या बांधकामाला. काम असं: उभ्या भिंतीवर आलेली लाट जवळजवळ सगळी ताकद घेऊन परत फिरते किंवा उसळून वर येते. टेट्रापॉडच्या ढिगात अर्धी जागा पोकळ असते, पाणी आत शिरतं, चार पायांत अडखळतं आणि तिथेच दमतं. कठड्यावर उसळणारं पाणी कमी होतं, भिंतीवरचा दणकाही कमी होतो. मरीन ड्राइव्हहून वरळीकडे जाणाऱ्या कोस्टल रोडच्या कामासाठी काही भागातले टेट्रापॉड हलवले तेव्हा पावसाळी भरतीत इमारतींना हादरे बसत असल्याच्या तक्रारी रहिवाशांनी केल्या, त्यामागचं गणित हेच.

बिघडतं ते तळाला. ढिगाच्या पायथ्याची वाळू लाटांनी उकरली की खालची रांग सरकते, मग वरची घसरते आणि पाय मोडतात. मोडका टेट्रापॉड अडकत नाही, गडगडतो आणि शेजारच्यांना मोडतो. म्हणून पायथ्याला मोठ्या दगडांची पट्टी आधी हवी. दर पावसाळ्यानंतर ओहोटीला मोजणी करावी आणि माथा कुठे बसलाय ते जुन्या पातळीशी ताडून बघावं.

त्यांच्यावर उतरू नये हे पुन्हा सांगतो. शेवाळ, खाली दोन-तीन मीटर खोल कपारी, आणि कपारीत अडकलेल्या माणसाला वरून दिसणं कठीण.

---

नकाशावेडी

कोस्टल रोड आणि मरीन ड्राइव्हचा सांधा नेमका कुठे आहे?

---

भरतीरेषा

प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलाजवळ. तिथून वरळीच्या सागरी सेतूपर्यंत १०.५८ किमी. गिरगाव चौपाटीजवळ रस्ता जमिनीखाली जातो आणि मलबार हिलखालून प्रियदर्शिनी पार्कला बाहेर पडतो. दोन बोगदे, प्रत्येकी सुमारे दोन किमी. खोदणाऱ्या 'मावळा' यंत्राचा व्यास १२.१९ मीटर. वरळीकडून मरीन ड्राइव्हकडे येणारी बाजू मार्च २०२४ मध्ये खुली झाली, उलटी बाजू जूनपासून टप्प्याटप्प्याने. शंभर वर्षांपूर्वीचा भराव शेवटी उथळ बॅक बेच्या आत होता. हा उघड्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, तिथे लाट मोठी. त्याच्या भिंतीची देखभाल कशी होते यावर पुढच्या पन्नास वर्षांचं सगळं अवलंबून आहे.

दिव्यांबद्दल थोडक्यात: सोडियमचे पिवळे दिवे २०१५ मध्ये काढून पांढरे एलईडी लावले, लोकांनी जोरदार हरकत घेतली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि पुढे पिवळसर छटेचे एलईडी आले. मला ती हरकत पूर्ण रास्त वाटते. रात्रीच्या या दिव्यांचा 'राणीचा रत्नहार' दिसतो तो वळण, सारखं अंतर आणि उबदार रंग या तिन्हींमुळे. त्यातलं एकही गेलं तर नुसती दिव्यांची रांग उरते.

---

नकाशावेडी

भिंतीचा पायथा आणि टेट्रापॉडची खालची रांग बघायची तर कधी जावं?

---

गिरगाव_वारा

कोळ्यांचा हिशेब वापरा. तिथीला पाऊणने गुणा, आलेला आकडा म्हणजे भरतीची साधारण वेळ. द्वितीयेला दीड, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास भरती. त्यात सहा तास बारा मिनिटं मिळवली की ओहोटी, म्हणजे पावणेआठच्या आसपास. पहाटेची भरती एकच्या आगेमागे, म्हणून सकाळची ओहोटी सातनंतर. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे दोन दिवस घ्या, पाणी सर्वात खाली तेव्हाच जातं. अष्टमीला ओहोटीची वेळ सोयीची, दुपारी बाराची येते, पण पाणी फारसं उतरत नाही. अंदाजात अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, म्हणून निघण्याआधी भरतीचं छापील कोष्टक बघाच.

---

डबर_मुरूम

कोष्टक बघताना एक लक्षात ठेवा. पावसाळ्यात बातम्यांत '४.५ मीटर उंच लाटा' असं येतं, ते चूक आहे. ४.५ मीटर ही पाण्याची पातळी, आणि ती मोजतात नकाशाच्या शून्यापासून, म्हणजे जवळजवळ सर्वात खालच्या ओहोटीपासून. लाटा त्या पातळीच्या वर वेगळ्या. म्हणून वारा शांत असेल तर ४.८ च्या भरतीलाही कठडा कोरडा राहतो, आणि जोराचा नैऋत्य वारा असेल तर ४.३ लाही पाणी रस्त्यावर येतं. कोष्टकासोबत वाऱ्याचा आणि लाटांचा अंदाजही बघा. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले तर किनाऱ्यावरच्या पर्जन्यवाहिन्यांची तोंडं पाण्याखाली जातात, आतलं पाणी बाहेर पडत नाही. तेव्हा महर्षी कर्वे रोडकडून यायचा बेत सोडून द्या.